पाच बोगदे आणि एक कागद

नाही, मला एवढंच सांगा, बोगद्यात बर्फ पडतो का? नाही ना? मग! तिथंच तर सगळं घोडं अडलं... रविवारची गोष्ट, अजून माझी बोटं सरळ होत नाहीत, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरते.

तुम्हाला सांगते, आम्ही एचिगोच्या बर्फाळ मुलखातली माणसं, छपरावरचा बर्फ ओढून ओढून कंबर गेलेली. नोव्हेंबरात बर्फाचे टायर चढवायचे ते एप्रिलपर्यंत बघायचं नाही. घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधायच्या त्या तोक्योवाल्यांनी! आणि परवा घाटाच्या तोंडाशी पोलीस म्हणतो, "काकू, आज फार पडतोय. साखळ्या नसतील तर मागे फिरा."

मागे फिरा म्हणे! माझी आई घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात, नव्वदीची. भेट रविवारी, दोन ते तीन. त्यात आधीचे दोन रविवार घाट बंद. तिथल्या बाईंचा फोन, "आजी जेवतच नाहीत हो, म्हणतात लेक आली की बघू." आता तिसरा रविवार चुकवू? मांडीवर तिच्यासाठी मिसोच्या रश्शात शिजवलेल्या मुळ्याचा डबा, गरमगरम...

आमचे हे, शिगेमित्सु. तीस वर्षं गावच्या पाणीखात्यात, कागद बघितल्याशिवाय नळ सोडला नाही कधी. साखळ्यांचं खोकं दोन वर्षं डिकीत, न फोडलेलं. मी उतरायला गेले तर, "तू आत बस. हे बायकांचं काम नाही." बसले बाई! हे वाऱ्यात खोक्यातला माहितीचा कागद उलगडून उभे, चष्म्यावर बर्फ. आणि बांधल्या कुठं? मागच्या चाकांना! आमच्या जुन्या छोट्या ट्रकात इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, या नव्या गाडीत पुढच्या. शेवटी पोलीसच ओरडला, "काका, पुढे! पुढे!" सोडा, परत बांधा. पाऊण तास.

निघालो. खडखडखडखड... दात हलले माझे. आणि पहिल्या बोगद्यापाशी गाडी थांबली.

"आता काय?"

"काढायच्या. आत रस्ता कोरडा. कोरड्यावर साखळी तुटते, कागदावर लिहिलंय."

"अहो, बोगदा केवढासा!"

"कागदावर लिहिलंय!"

काढल्या. पलीकडे बर्फच बर्फ, परत बांधल्या. आणि त्या घाटात बोगदे किती? पाच! दुसऱ्यापाशी थांबलो, काढल्या, बांधल्या. दीड वाजला. डबा गार. आमच्या मागून तोक्योची गाडी आली, पोरगेली बाई खाली उतरली, पटापट बांधल्या, वर हात हलवून गेली! तुम्हाला सांगते, तेव्हा माझं डोकं फिरलं.

तिसऱ्या बोगद्यापलीकडं यांना बाजूला सारलं. "व्हा तिकडं!" अहो, तीस वर्षं मुळ्याच्या जुड्या बांधून टांगते मी, मला काय साखळी बांधता येत नाही? चाकामागून घातली, आतला हूक, बाहेरचा हूक, रबर ताणलं... दोन्ही चाकं मिळून सात मिनिटं! हे कागद धरून उभे. "वाचू का?" म्हणे. म्हटलं, "त्याचा बोळा करून गप्प बसा!" चौथा, पाचवा, उतर, काढ, चढ, उतर, बांध... बोटं असून नसल्यासारखी.

पोचलो तेव्हा तीनला बारा कमी. आई खिडकीशी. माझे काळे हात बघितले आणि म्हणाली, "एवढा उशीर? कोळसा विकत होतीस काय गं?" आणि तो गार मुळा खाल्ला हो तिनं! चार फोडी, रस्सासुद्धा. मग यांच्याकडं वळली, "जावईबापू, तुम्ही आणलंत बरं नीट." आणि हे? मान खाली घालून, "कर्तव्यच आहे, आई." कर्तव्य!

म्हातारी जेवली, बास.

परत निघालो, घाट लागला, पोलीस तोच, बर्फ तोच. यांनी गाडी थांबवली आणि... जागचे हलेनात. हीटर चालू, हात मांडीवर.

"अहो, उतरा की!"

"तुझा हात बसलाय आता."

"आणि बायकांचं काम नाही ते?"

यांनी खिशातून तो चुरगळलेला कागद काढला, चष्मा पुसला, नीट उलगडला आणि म्हणाले, "कागदावर असं कुठं लिहिलेलं नाही."

उतरले मीच. काय करणार? पाच बोगदे होते... आणि पुढच्या रविवारी परत दहा.