वन्संची हळद

(केडगाव. लढाईचे दिवस. मनकर्णा सहाणेवर हळकुंड उगाळते आहे. तिची विधवा नणंद भागूबाई बाजेवर.)

भागूबाई : कोठीच्या किल्ल्या तुझ्या कमरंला, चूल तुझी, दुभती म्हस तुझी. आता माझं गुडघं बरं करून तुला आनखी काय मिळनार हाय, मनकर्णे?

मनकर्णा : असं काय बोलता वन्सं? पाय हिकडं करा.

भागूबाई : ऱ्हाऊ दे. कपाळ उघडं आन् पाय पिवळं म्हून गाव हसलं, तेवढं बास झालं.

मनकर्णा : नटायला थोडीच लावलीवती? भिंगारच्या अल्लाबक्ष हकिमानं दिलेलं औषद हुतं ते.

भागूबाई : मला सांगतीस व्हय? सकाळी ताकात हळद-मिरी, गुडघ्याला लेप, भाकरी अर्धी, आन् रोज हिरीपर्यंत चालायचं. "नुसत्या हळदीवर ऱ्हाऊ नगा," म्हनला, "तुमचं अंग लई, हळद थोडी." मेला!

मनकर्णा : पर गुन येत हुता. धाप कमी झालती. चोळीची गाठ सैल बसाया लागलती.

भागूबाई : तर! म्हून तुझं त्वांड उतरलं हुतं. मी उठले की चूल पुन्यांदा माझी... अगं, थट्टा केली. डोळ्याला पानी कशापायी?

मनकर्णा : थट्टा न्हाई वन्सं. खरं हाय ते.

भागूबाई : काय खरं?

मनकर्णा : हिरीवर मीच बोलले. "आमच्या वन्संनी हळद लावलीया," यवढंच. बायका हसल्या आन् मला बरं वाटलं. म्हनलं, लाजंनं म्हैनाभर घरात बसतील, म्हैनाभर घर माझं.

भागूबाई : म्हंजी माझी मैतरीन कडू, ती न्हवं बोलली?

मनकर्णा : कडूमावशींनी त्वांडसुदिक उघडलं न्हाई.

भागूबाई : आन् मी तिला भर रस्त्यात वांझ म्हनले गं! रोज माझ्यासंगं चालायची ती. मला धाप लागली की काटा मोडल्याचं सोंग करून थांबायची.

मनकर्णा : तवाच सांगायला पायजे हुतं मी. तुमी हळद उकिरड्यावर टाकलीत, चालनं सोडलंत. मी रोज म्हनायचे, उंद्या सांगीन.

भागूबाई : आन् रोज माझ्या भाकरीवर तूप वाढायचीस. मी म्हनायचे, भावजय लई गुनाची.

मनकर्णा : दुसरं काय द्यावं ते कळंना मला.

भागूबाई : बोललीस तू. शिव्या खाल्ल्या कडूनं. आन् पाय गेलं माझं.

मनकर्णा : मी आत्ता जाते. मावशींचं पाय धरते, त्यास्नी हितं घिऊन येते.

भागूबाई : तू तुझं सांग जा. पर वांझ मी म्हनले, तिच्या दारात मीच जायाला पायजे. चार घरं सोडून तर ऱ्हाती ती... तेवढंबी व्हत न्हाई गं आता.