दोघांचं वजन

कॅनडातल्या केनोरात बसच्या रांगेत मॉरीन उभी होती. तिच्या पुढे म्हातारे बहीण-भाऊ होते. चार दिवस पाहुणी आलेली युनिस परत निघाली होती आणि लॉइड तिला पोचवायला आला होता.

"तळं गोठलं म्हणे?" युनिसने विचारलं.

"तीन बोटं जाड बर्फ झालाय. तुझी बस सुटली की बर्फाला भोक पाडून गळ टाकायला जातो."

"एकटा?"

"मासे काय मिरवणुकीने पकडतात?"

"चेष्टा पुरे. शेजारचा अर्लसुद्धा नोव्हेंबरातच बर्फ फुटून बुडाला."

"अर्ल बघून चालायचा नाही. मी बर्फ ठोकून मगच पाऊल टाकतो."

"मग मीही येते."

"खुळी आहेस का? दोघांचं वजन त्या बर्फाला नाही पेलवायचं!"

युनिसने हातातली बॅग खाली ठेवली. लॉइडने मान खाली घातली.

"चला, चढा लवकर!" ड्रायव्हर ओरडला.

"युनिस, बस सुटेल."

"सुटू दे. बॅग उचल."

"अगं, पण तिकीट..."

"तिकिटाचं राहू दे, लॉइड. उचल ती बॅग."

त्याने बॅग उचलली आणि दोघं रांगेतून बाहेर पडली. बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता मॉरीनने घरी लेकीला फोन लावला.

"डॅडी घरीच आहेत ना गं? तळ्यावर नाही ना गेले?"