स्मशानामागच्या आंब्यांना चुना लावू नका

बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. काका, तुमी म्हणालात म्हणून उभा र्‍हायलो. नायतर माझ्या हातात माईक कोण देतो? बाईंच्या तासाला मी वर्गाबाहेरच जास्त असायचो.

म्हात्रे बाई हार्टनं गेल्या. कंपनीच्या धुरानं गेल्या असं मी म्हणणार न्हाय. खोटं बोललो तर फोटोतनं हात काढून कान पिळतील.

पण बाई हरून गेल्या. त्ये मी बोलणार.

आंब्याच्या खोडावर राखी-हिरवे चट्टे असतात, ठाऊक हायेत ना? आमी पोरं म्हणायचो, झाडाला नायटा झालाय. बाई म्हणाल्या, "नायटा तुझ्या डोक्याला झालाय. ते दगडफूल आहे. आईच्या मसाल्यात असतं ना, त्याचंच भावंड. त्याला मुळं नाहीत, हवेवर जगतं. हवा नासली की आधी ते मरतं. मग आपली पाळी."

खाडीपलीकडं कंपनीची चिमणी उभी र्‍हायली. रस्त्याच्या आंब्यांवरचे चट्टे झडाय लागले. पावसात टाकळा उगवला, त्याची पानं कडेनं करपलेली. कुणी बघितलं? बाईंनी. अर्जावर अर्ज केले. शेवटी प्रदूषणवाले साहेब यायचे ठरले.

आणि आपण काय केलं? साहेब येणार म्हणून गाव सजवलं! खोडं खराट्यानं घासली. खाली गेरू, वर चुना. रस्त्याचं एक झाड सोडलं न्हाय. साहेब कोकम सरबत प्याले. म्हणाले, "वा, काय टापटीप गाव आहे!" बाई त्या पांढर्‍या खोडावर हात ठेवून उभ्या. काय दाखवणार होत्या?

दुसर्‍या दिवशी मी त्या आंब्याला हार घातला. खाली पाटी लावली, भावपूर्ण श्रद्धांजली. तुमी सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. बाई एकट्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "स्मशानामागची झाडं राहिलीत रे. तिथं कोणी रंगवायला जात नाही."

काल बाईंना अग्नी दिला तवा आपण त्याच आंब्यांना टेकून उभे होतो. बघितलंत? कंपनीकडचं अंग कोरं. दर्याकडच्या अंगावर चट्टे अजून हायेत. बाईंचं म्हणणं तेवढ्या खोडांवर र्‍हायलंय. आणि सोमवारी साहेब परत येतायत. दुसर्‍या चिमणीचं ठरवायला.

आज सकाळी सरपंचदादा मला काय म्हणाले? "बंटी, बाईंच्या नावानं स्मशान सजवू. चुन्याच्या गोणी आल्यात. पोरं घेऊन ये."

दादा, खाली बघू नका. तुमी मायेनं म्हणालात, मला कळतं. अर्ध्या गावाचे डंपर कंपनीत चालतात, तेबी कळतं. मागच्या वेळी तरी कुणाच्या मनात पाप होतं? मायेनंच पुसलं ना सगळं?

हात जोडतो. बाईंचं स्मारक नको. बाईंच्या नावाची कमान नको. ती झाडं हायेत तशी र्‍हाऊ द्या. सोमवारपर्यंत मी तिथंच, खोडाला टेकून उभा असंन. रंगवायचंच असंल तर आधी मला रंगवा.

बाई, नमस्कार.

आता सगळे उभे र्‍हावा. दोन मिनटं गप. गप र्‍हायची आपल्याला सवय हाय. ही शेवटची.