तिसरी प्रत

कर्नल : 'माझी मुलगी' नको, मास्तर. 'आमची मुलगी' म्हणा. त्यात सगळे येतात. तुम्ही, आम्ही, अख्खी फौज.

बँडमास्तर : आमची मुलगी गेले काही महिने... पुढचं काय, साहेब?

कॅप्टन : 'फार तणावाखाली होती.' कागद तुमच्या समोरच आहे. तिसरी ओळ.

बँडमास्तर : चष्मा घरी राहिला, मॅडम. पहाटे तुमची गाडी दारात आली. टोपी उचलली, पदकं खिशात टाकली आणि निघालो. तिची आई म्हणत होती, निदान चहा तरी घ्या.

कर्नल : राहिला ते बरंच झालं. कागद बघून बोलणारा बाप लोकांना खोटा वाटतो. पाठ करा. पन्नास जणांच्या बँडला तुम्ही कागद न बघता वाजवायला लावायचात, पाच-सहा ओळींची काय कथा.

बँडमास्तर : तिथं सूर ठाऊक असायचे, साहेब.

कर्नल : कॅप्टन, तुम्हाला कल्पना नाही हा माणूस कोण आहे. आमची बॅच मैदानावर आली तेव्हा निम्म्यांना डावा-उजवा कळत नव्हता. यांच्या ढोलावर आम्हाला पाऊल सापडलं. मला काय म्हणायचात, मास्तर?

बँडमास्तर : जाऊ द्या, साहेब.

कर्नल : सांगा हो.

बँडमास्तर : उंट.

कर्नल : उंट. आणि आज सगळ्या फौजेच्या वतीनं पत्रकारांपुढे हा उंट बोलतो. आहे की नाही गंमत?

कॅप्टन : सर, दहा पंचवीस झालेत. अकराला परिषद आहे. हॉल आत्ताच भरलाय, मागे उभं राहायलाही जागा नाही.

कर्नल : मग करू या तालीम. तुम्ही पत्रकार. नरम राहू नका.

कॅप्टन : परवा प्रशिक्षण केंद्राच्या समारोपाच्या परेडला तुमच्या मुलीनं रांग सोडली. पाहुण्यांसमोर, माइकपुढे उभी राहून तिनं कमांडंटचं नाव घेतलं. म्हणाली, या माणसानं मला फाइल घेऊन बंगल्यावर बोलावलं, दार लावून घेतलं आणि माझ्या अंगाला हात घातला. तेहतीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. पाहिला नाही असं घर नसेल. बाप म्हणून तुम्हाला काय वाटलं?

बँडमास्तर : मला वाटलं, थांबली किती नीट.

कर्नल : काय?

बँडमास्तर : तीन पावलं पुढे आली आणि टाचेला टाच. एवढी माणसं समोर, पण हात पँटच्या शिवणीवरून हलला नाही. आवाजही हलला नाही. पुन्हा पुन्हा बघितलं मी ते.

कॅप्टन : सर, नेमकं हेच नकोय. लोक हेच लिहितायत. डोकं फिरलेल्या माणसाचं पाऊल असं पडत नाही.

कर्नल : मास्तर, पोरीचं कौतुक घरी करा. हॉलमध्ये असं एक वाक्य बोललात तर तिचं वाटोळं होईल. तुम्ही म्हणायचं, ती आमची मुलगी वाटलीच नाही. म्हणा.

बँडमास्तर : ती... आमची मुलगी वाटलीच नाही.

कर्नल : इथं थांबायचं. तीन ठोके. मनात मोजा. पाण्याच्या ग्लासाला हात लावायचा, पण प्यायचं नाही. प्यालात तर बाप घाबरलाय असं दिसतं. नुसता हात लावला तर बाप गहिवरलाय असं दिसतं.

बँडमास्तर : एक, दोन, तीन.

कर्नल : ओठ हलवू नका. हां. कॅप्टन, पुढे.

कॅप्टन : मुलगी आत्ता कुठे आहे?

बँडमास्तर : आमच्या फौजेच्या हॉस्पिटलात आहे. तिची उत्तम काळजी घेतली जाते. मॅडम, तुम्हीही त्याच केंद्रातून शिकून आलात ना?

कॅप्टन : हो.

बँडमास्तर : तेव्हाही हेच कमांडंट साहेब होते तिथं?

कॅप्टन : तेव्हा ते मेजर होते.

बँडमास्तर : मग तुम्हाला कधी फाइल घेऊन...

कॅप्टन : पुढचा प्रश्न. घटना तीन महिन्यांपूर्वीची सांगतात. तीन महिने तुमच्या मुलीनं कुठंच लेखी तक्रार का केली नाही?

बँडमास्तर : केली की.

कॅप्टन : कागदावर 'त्याचं उत्तर आमच्याकडेही नाही' असं आहे.

बँडमास्तर : ते वाचलंत तुम्ही मघाशी. पण केली होती, मॅडम. मीच करायला लावली. तिनं फोन केला त्या दिवशी. आधी नुसतीच रडली. मग म्हणाली, बाबा, मी वकिलाकडे जाते. मी म्हटलं, खुळी आहेस का? फौजेत असं चव्हाट्यावर जायचं नसतं. लेखी दे आणि योग्य मार्गानं दे. आपल्या वरिष्ठांकडे.

कॅप्टन : तिचे वरिष्ठ म्हणजे कमांडंटच.

बँडमास्तर : हो. त्यांच्याच हातात नेऊन दिली तिनं. जायला तयार नव्हती. मी म्हटलं, नियम आहे तो. गेली मग बिचारी.

कर्नल : केंद्राच्या दफ्तरात अशी तक्रार नाही, मास्तर. आम्ही शोधली.

बँडमास्तर : असणार, साहेब. तीन प्रती केल्या होत्या. एक साहेबांना, एक दफ्तराला, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. शाळेत सुट्टीचा अर्ज द्यायचा तर तोही तीन प्रतींत लिहायची. तिची आई हसून हसून बेजार व्हायची. बापलेक एकाच माळेचे मणी म्हणायची.

कर्नल : शिक्का आहे त्यावर?

बँडमास्तर : गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक. सगळं आहे.

कर्नल : आणि ती प्रत कुठं असते?

बँडमास्तर : ही काय, आतल्या खिशात. तुम्हाला दाखवायलाच आणली. तिची आईच म्हणाली, मोठे साहेब तुमच्या हाताखालून गेलेले आहेत, त्यांच्या कानावर घाला, ते बघतील.

कॅप्टन : फोटो काढलाय हिचा? झेरॉक्स?

बँडमास्तर : छे. सरकारी कागद दुकानात नेऊन कुणाला दाखवायचा?

कर्नल : कॅप्टन, दार लावून घ्या.

कॅप्टन : मी बाहेर थांबू, सर?

कर्नल : नको. बाई खोलीत असली की बरं दिसतं. मास्तर, आता नीट ऐका. आज दुपारी डॉक्टरांचं बोर्ड बसतंय. त्यांच्यापुढे दोन शब्द आहेत. पहिला शब्द थकवा. थकवा लिहिला की सहा आठवडे रजा, आणि आज संध्याकाळी मुलगी तुमच्याबरोबर घरी. दुसरा शब्द मनोविकार. तो लिहिला की आत्ता आहे त्याच बंद वॉर्डात मुक्काम. किती दिवस, ते डॉक्टर ठरवणार. नोकरी गेली. आणि पुढे लग्न ठरवायला जा, दुसरीकडे नोकरी मागायला जा, तो शब्द तिच्या आधी तिथं पोचलेला असेल.

बँडमास्तर : ती वेडी नाही, साहेब.

कर्नल : मला ठाऊक आहे.

बँडमास्तर : ठाऊक आहे?

कर्नल : काल तासभर बोललो तिच्याशी. माझ्यापेक्षा शहाणी आहे. म्हणून तर थकवा म्हणतोय.

बँडमास्तर : आणि कमांडंट साहेबांचं काय?

कॅप्टन : त्यांची बदली होतेय.

कर्नल : बढतीवर. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्यांच्याविरुद्ध काही कागदच नाही, मग बढती अडवणार कशी?

बँडमास्तर : आहे ना कागद. चौकशीत लावा हा. चौकशी आहे असं त्या तिसऱ्या ओळीत का चौथ्या ओळीत आहेच.

कर्नल : लावायचा तर आधी माझ्याकडे हवा. योग्य मार्ग म्हणालात ना? तो मार्ग या टेबलावरून जातो. तुम्ही अगदी बरोबर जागी आलात.

बँडमास्तर : पावती द्याल?

कर्नल : उंटाकडे पावती मागता?

बँडमास्तर : सवय, साहेब. राग मानू नका.

कर्नल : राग कसला? लिहा, कॅप्टन. 'एक कागद मिळाला.' सही करा आणि द्या.

बँडमास्तर : कोणता कागद ते लिहा, मॅडम. आवक क्रमांक लिहा.

कॅप्टन : सर?

कर्नल : लिहा की. फक्त मास्तर, एक मला सांगा. पावतीवर क्रमांक पडला, तर बोर्डाला मी दोनांतला कोणता शब्द सांगू?

बँडमास्तर : वाजले किती, साहेब?

कर्नल : घाई नाही. साडेदहा झालेत फक्त.

बँडमास्तर : तिची आई म्हणाली, तिला घेऊनच या. नाहीतर तुम्हीही येऊ नका.

कर्नल : शहाणी बाई.

बँडमास्तर : घ्या, साहेब. पावती राहू द्या.

कर्नल : कॅप्टन, माझ्या ड्रॉवरमध्ये. नाही, खालच्या. आता पदकं लावा, मास्तर. डावीकडचं वाकडं झालंय. कॅप्टन, जरा सरळ करा त्यांचं.

बँडमास्तर : एक विचारू, साहेब? तिच्या वॉर्डात टीव्ही नाही ना?

कर्नल : बंद वॉर्ड आहे तो, मास्तर. तिथं भिंतीवर घड्याळसुद्धा ठेवत नाहीत.

बँडमास्तर : मग ठीक. तिनं हे ऐकायला नको. घरी नेल्यावर मी सांगेन समजावून, की बाई, तुझ्यासाठीच बोललो. तिला कळेल. चला, साहेब. ती आमची मुलगी वाटलीच नाही. एक, दोन, तीन.

(तीच खोली. पत्रकार परिषद संपली आहे.)

कर्नल : बसा, मास्तर. आता प्या पाणी. सगळा ग्लास प्या.

बँडमास्तर : चुकलं का काही?

कर्नल : एक ठोकासुद्धा नाही. तुम्ही ग्लासाला हात लावलात तेव्हा कॅमेरावालेसुद्धा गप्प झाले. पोटच्या पोरीबद्दल असं बोलायला छाती लागते.

बँडमास्तर : तो मागचा, पांढऱ्या दाढीचा, तक्रारीचं फार खोदून विचारत होता.

कॅप्टन : 'तिनं आम्हालाही कधी काही सांगितलं नाही.' असं म्हणालात तुम्ही. ते कागदावर नव्हतं.

बँडमास्तर : नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. थकवाच लिहितील ना, साहेब, म्हणून म्हटलं जास्तच घट्ट बोलावं. आता जाऊ का हॉस्पिटलात? तिचा स्वेटर आणलाय. गाडीत गार लागतं तिला.

कॅप्टन : सर, हॉस्पिटलातून फोन आला होता. झालं.

कर्नल : सही केली?

कॅप्टन : तिन्ही ठिकाणी.

बँडमास्तर : कसली सही?

कर्नल : आरोप मागं घेतल्याची. परवापासून डॉक्टरांनी समजावलं, वकिलांनी समजावलं, मी समजावलं. हटूनच बसली होती. एकच धोशा, बाबांना बोलवा. बाबांकडे शिक्का मारलेली प्रत आहे, बाबा सगळं सांगतील. म्हणून तर पहाटे गाडी पाठवली तुम्हाला.

बँडमास्तर : म्हणजे कागदाचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं?

कर्नल : कुठं ठेवलाय ते ठाऊक नव्हतं. घराची झडती घेतली असती तर बोभाटा झाला असता. तुमच्याकडून आपण होऊन यायला हवा होता. आणि आला.

बँडमास्तर : पण आज सही का केली तिनं? मी तर अजून भेटलोही नाही तिला.

कॅप्टन : सकाळी वॉर्डात टीव्ही लावला, मास्तर.

बँडमास्तर : तुम्ही म्हणालात नाही म्हणून.

कर्नल : घड्याळ नाही म्हटलं मी. टीव्हीचं काही बोललो नाही. हॉलमधल्या त्या चाळीस जणांना काय करायचंय, मास्तर? ते उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी मागं लागतील. परिषद एका माणसासाठी होती. तिनं बघितली, काम झालं.

बँडमास्तर : सगळं बघितलं तिनं?

कॅप्टन : उभी राहून बघितलं. बसा म्हटलं तरी बसली नाही.

बँडमास्तर : काय म्हणाली?

कॅप्टन : पेन मागितलं.

कर्नल : मी शब्दाला जागणारा माणूस आहे. बोर्डाला सांगितलंय, थकवा. ती मोकळी आहे. गाडी खाली उभी आहे.

बँडमास्तर : मग निघतो मी. हॉस्पिटलावरून जाऊ, तिला घेऊ. अंधार पडायच्या आत घर येईल.

कर्नल : सांगा त्यांना, कॅप्टन.

कॅप्टन : ती घरी जायचं नाही म्हणते.

बँडमास्तर : म्हणजे? जाणार कुठं मग?

कॅप्टन : इथंच राहते म्हणाली. वॉर्डातच. तुम्हाला वर पाठवू नका म्हणाली.

बँडमास्तर : तिला सांगा, तिची आई वाट बघतेय.

कॅप्टन : सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

कर्नल : पोरांचा राग असतो, मास्तर. निवळतो. स्वेटर इथं ठेवून जा, पोचवतील कुणीतरी. ड्रायव्हरला सांगा, कॅप्टन, यांना दारापर्यंत सोडायचं.

बँडमास्तर : आणखी काही बोलली का ती? काहीही?

कॅप्टन : सही झाल्यावर आपली प्रत मागितली.

बँडमास्तर : दिलीत?

कॅप्टन : नाही.

बँडमास्तर : मागणारच. आपली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही आणि ती बाबांकडे ठेवायला द्यायची, हे मीच शिकवलंय तिला.