कठडा नसलेली विहीर

—आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, चंदर, माझ्यासमोर नको. काल भर दुपारी रावजीच्या टोमॅटोत शिरून त्याला फावड्याच्या दांड्याने मारलंस, तेव्हा नाही आलं रडू? जबडा तुटलाय त्याचा. डावा डोळा गेल्यात जमा आहे. तो पडल्यावरही मारत होतास — पडल्यावर — बायको मध्ये आली तर तिलाही लाथ घातलीस. हे तूच सांगितलंस आत्ता, मी नाही म्हणत. आणि वर विचारतोस, माझी चूक काय? तो तिकडे नाशिक रोडला दवाखान्यात नळ्या लावून पडलाय आणि तू इथे इंदिरानगरात माझ्या ऑफिसात पाणी पितोस. पी, पी. वकिलाला कसायालाही पाणी विचारावं लागतं.

हे बघ, गोड बोलायची मला सवय नाही. गावात कुणीही सांगेल, प्रतिभा मॅडम म्हणजे तोंडाने फटकळ. माणूस जगला तर एक केस, मेला तर दुसरी. जगला तर जामिनाचं काहीतरी करता येईल — मेला तर पोरीचं लग्नसुद्धा तुरुंगातच ऐकशील. तेव्हा देव पाण्यात घालून बस. हो, बांधाचं भांडण जुनं आहे, कुणाचं नसतं? पण आजवर तुम्ही एकमेकांना नुसत्या शिव्याच दिल्यात ना? मग काल काय झालं? क्लिप. गावाच्या ग्रुपवर रावजीच्या आवाजात धमकी आली, पोरीला मारायची, आणि तू फावडं उचललंस. विचारलंस त्याला? तो ओरडत होता म्हणतोस, ‘मी नाय बोललो, आईची आण’ — आणि तू त्याच तोंडावर दांडा घातलास.

थांब, फोन. कट करते. अमोल म्हणून एक पोरगा आहे, सकाळपासून जीव खातोय माझा. लॉ कॉलेजात शिकवायला जाते ना मी, या पोरांना काडीचा धीर नसतो. वाजू दे.

तर आवाज. अरे, आवाजाचं काय घेऊन बसलास? कुणाचे चार मेसेज मशीनला ऐकवले की त्याच्याच आवाजात हवं ते वदवून घेता येतं, मधल्या खोकल्यासकट. हेच तर शिकवते मी. आमच्या वेळी पुरावा म्हणजे कागद, अंगठा, रक्ताचा सदरा. उद्या ही पोरं कोर्टात उभी राहतील तेव्हा साक्षीदार प्रामाणिक असेल आणि पुरावा मात्र नकली — मग काय करतील, कलमं घोकतील? म्हणून मी वर्गात खोटा खटलाच लावला. एकाने नकली क्लिप बनवायची, बाकीच्यांनी पकडायची. प्रिन्सिपल म्हणाले, क्लिपच्या आधी ‘हे नकली आहे’ असं बोलून ठेवा मॅडम. मी म्हटलं, पेपर आधीच फोडला तर पोरं शोधणार काय? दणक्यात चालला खटला. एकालाही पकडता आलं नाही, काय सांगू तुला.

ते जाऊ दे. तुझ्या कामाचं एवढंच, की ही क्लिप नकली निघाली तर आपल्याला बोलायला जागा आहे. कुणीतरी आग लावली आणि हा पेटला, असं म्हणता येईल. तू सुटशील असं नाही, पण ज्याने बनवली त्याला मी कोर्टात खेचीन. उभा सोलीन त्या हरामखोराला, बघच तू. लाव ती. मोठ्याने लाव.

…

पुन्हा लाव.

‘तुझी पोर विहिरीवरनं शाळेत जाते ना? विहिरीला कठडा नाय, ध्यानात ठेव.’

बंद कर. बंद कर म्हणते ना — नाही, मला काही झालेलं नाही. ग्रुपवर टाकली कुणी? रावजीच्या पुतण्याने? आणि सख्खा पुतण्या टाकतोय म्हणजे खरीच असणार, असं वाटलं तुला… रावजीला मुलगा आहे ना रे? काय करतो? शिकतो? काय शिकतो, चंदर?

वकिली.

‘वडिलांचाच आवाज घेतो मॅडम, बाजारभावाचे त्यांचे ढीगभर मेसेज पडलेत माझ्याकडे’ — असं अमोल म्हणाला होता. वडील हसून हो म्हणाले होते म्हणे. मी नावही विचारलं नाही त्यांचं. पोराने गंमत म्हणून चुलतभावाला पाठवली असेल, त्याने काकांची गंमत म्हणून गावाला. नकली आहे असं तिच्यात कुठेच नाही. मीच नको म्हटलं होतं.

काय? मशीनला कसं कळलं तुझ्या पोरीच्या वाटेवर विहीर आहे? मशीनला नाही कळलं रे. मलाही ठाऊक नव्हतं. कुठल्या गावात नसते बिनकठड्याची विहीर, आणि कुठली पोर जात नाही तिच्या कडेने? ते वाक्य मी लिहिलं, चंदर. या टेबलावर, चहा पिता पिता. पोरांनी लिहिलं होतं ते मिळमिळीत होतं, पाय तोडीन, बघून घेईन, असलं. मी म्हटलं, असं नको, ऐकून बापाचं डोकं फिरलं पाहिजे. आणि फिरलं.

असा बघू नकोस माझ्याकडे. तो पेपरवेट खाली ठेव. चंदर, ठेव खाली. मारायचंय? काल रावजीचं ऐकून घेतलं नाहीस, आज माझं तरी ऐकून घे आणि मग मार, मी हलत नाही इथून… हं. ठेवलास, बरं केलंस.

ते वकीलपत्र दे इकडे. फाडते. तुझी केस मला घेता येत नाही. या खटल्यात मी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने त्याच खटल्यात वकील व्हायचं नसतं, हे मीच शिकवते पोरांना. तू इथे जे बोललास ते माझ्या पोटात राहील, त्याची भीती नको. पण क्लिप कुणाच्या सांगण्यावरून झाली ते मी पिंजऱ्यात उभी राहून सांगणार. तुझ्यासाठी नाही. तू मारलंस ते मारलंसच. पण रावजी खरं बोलत होता, एवढं कुणीतरी कोर्टात म्हटलं पाहिजे. मरणाची लाज वाटतेय मला.

पुन्हा अमोल. घेते आता.

हं, बोल बाळा… हो, कळलं मला, आत्ताच… रडू नकोस, नीट सांग… कधी गेले?

…

चंदर, ऊठ. घरी जाऊ नकोस, सरळ पोलीस स्टेशनला जा. आणि जाताना दार ओढून घे.