काजूच्या बागेतलं रेकॉर्डिंग

हॅलो?... हो, वैष्णवीच बोलतेय. कोण?... शुभंकर भाऊजी होय. अहो, नंबर ओळखला नाही... तुमच्या संस्थेचा आहे. बोला ना.

नाही हो, बांगडे साफ करत होते. थांबा, हात धुते... हां, बोला.

सानवी शाळेत गेलीय. संस्थेने भरलेल्या तिच्या फीची पावती मिळाली, सांगा तिथे... मग फीचं नाही तर कशाला?

शनिवारी? बॉम्बशोधक पथकात नवीन आलेल्यांचा वर्ग... हो, गावठी बॉम्बवरच घ्या. रानडुकरं मारायला अजून ठेवतायत लोक... पण त्यात माझं काय?

...

कसलं रेकॉर्डिंग?

राजापूरच्या त्या काजूच्या बागेतलं?... म्हणजे हर्षदचा आवाज आहे त्यात? दोन वर्षं तुमच्याकडे आहे?

नाही, रागावले नाही. ऐकतेय... तुमच्या रेकॉर्डरवर. शेवटची सहा मिनिटं... आणि वर्गात ऐकवायला माझी परवानगी हवी.

पण त्यात शिकण्यासारखं काय आहे? बॉम्ब आपसूक फुटला नि हर्षद गेला, असं तुम्हीच म्हणालात ना... हो, इथेच, मांडवीच्या घरात. त्याच्या आई बाजूला बसल्या होत्या.

मग?

...हॅलो? भाऊजी, आहात ना?... पाणी प्या आधी. मी थांबते.

हां... चार काढून झाले होते. पाचवा झाडाच्या मुळांत... हुक लावून दोरीने लांबून ओढायचा असतो, ते मला ठाऊक आहे. घरी सांगायचा तो... दोरी सारखी अडकत होती. मग?... अंधार पडत आलेला... कोण म्हणालं?

तुम्ही म्हणालात. हाताने उचल.

ऐकलं मी. परत नका सांगू.

आणि तो काय म्हणाला?... नुसतं 'बरं'?... हो. कुठलंही काम सांगा, तसंच म्हणायचा.

म्हणून पथकातली नोकरी सोडून संस्थेत आलात होय.

भाऊजी, ऐका... अहो, ऐका ना. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालेलं. गॅस सिलिंडरवरून. न जेवता गेला. माझ्यामुळे त्याचं लक्ष नव्हतं, असं धरून बसलेय मी. दोन वर्षं. भाकरी थापताना, सानवीची वेणी घालताना... आणि तुम्हाला ठाऊक होतं.

माफीचं राहू दे आता.

ऐकवा शनिवारी. पण तुमचं बोलणं कापायचं नाही... चौकशी लागेल? लागू दे. उचलणाऱ्याला शिकवता, तसं उचल म्हणणाऱ्यालाही कळू दे.

नाही, मला पाठवू नका. एकटीने ऐकायची हिंमत नाही... मी येईन तिथे. मागे बसेन.

आणि त्याच्या आधी, उद्या घरी या. आईंना सांगायचंय... मी नाही. तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने.

त्या काय म्हणतील ते मला नाही ठाऊक... रडतील. तुम्हाला बाहेर काढतील, नाहीतर जेवायला बसवतील. कसं सांगू.

येताय ना?... नुसता हुंकार नको, बोला.

हां. चार वाजता. ठेवते.