झोपलेल्या पायाचं माप

—छे हो, मूल समोर नसताना बूट द्यायचे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार. चप्पल असती तर एक वेळ दिली असती, चपलेचं काय, बोटभर पुढे-मागे झाली तरी चालतं. पण बूट, त्यातून शाळेचे, आणि त्यातून पहिलेच! तुम्हाला म्हणून सांगते, पहिल्या बुटाला मूल कधी टोचतं म्हणत नाही. नवे आहेत ना, मग दाबू दे नाहीतर चावू दे, ते आपलं आरशात बघून हो-हो करत असतं. म्हणून मी विचारतच नाही पोरांना. त्या चटईवरून आरशापर्यंत चालवते, परत फिरवते आणि टाचेकडे बघत बसते. टाच खोटं बोलत नाही. — बसा ना, उभे का? पंखा वळवते तुमच्याकडे, घामाघूम झालाय. आणि सारखं मागे वळून काय बघताय? गाडी कुठं पळून जात नाही. किल्ली ही काय, तुम्हीच काउंटरवर ठेवलीत. गंमत आहे हो तुमची, समोर झाडाखाली एवढी सावली मोकळी पडलीये आणि तुम्ही माझ्या दाराला चिकटून भर उन्हात लावलीत. वर काच बोटभर उघडी ठेवलीत. चोराला आवतणच म्हणायचं! मागच्या काचेला मात्र टॉवेल लावलाय. सीट तापते, नाही का? हं. तापते खरी.

नाही, ती वरच्या फळीवरची जोडी विकायची नाही. काळीच आहे, हो, दहा नंबरच आहे, पण ती नाही द्यायची. दुसरी दाखवते. — शाळा कुठली म्हणालात? नाही म्हणालात? अहो, म्हणून तर विचारतेय. इथल्या प्रत्येक शाळेचं वेगळं तंत्र. एकीला काळे पट्टीचे, एकीला काळे बकलाचे, एकीला नाडीचे. हा भिंतीवर सगळा तक्ताच लावलाय मी, नाहीतर सोमवारी शाळा सुरू होते आणि मंगळवारी बदलून घ्यायला दारात जत्रा. आणि तुम्ही म्हणता कुठलाही रंग चालेल, तपकिरी द्या, निळे द्या, फक्त पट्टीचे द्या, पटकन घालता आले पाहिजेत. कुठलाही रंग चालणारी शाळा माझ्या बघण्यात नाही बाई. लांबची आहे? असेल. लांब असेल कुठंतरी.

द्या तो कागद इकडे. चष्मा... हा डोक्यावरच आहे, शोधतेय गावभर. — तुम्हीच काढलाय ना पाय? छान काढलाय. म्हणजे माया दिसते रेघेत, घाईघाईत काढलेला नाहीये, बोटाबोटामधून पेन्सिल फिरवलीये. पण मला एक सांगा, मुलगी उभी होती का हो माप घेताना? उभी होती? बरं. नाही, बरं म्हटलं. आता चाळीस वर्षं मी लोकांच्या पायाशी बसून काढली, आमचे हे गेल्यापासून तर एकटीच, त्यामुळं डोळ्याला खोडच लागलीये. उभं राहिलं की पाय पसरतो. बोटं फाकतात, टाच अशी भाकरीसारखी गोल होते. हा पाय बघा, निमुळता. बोटं आत वळलेली. आणि ही रेघ मध्येच बुडलीये बघा, टाचेपाशी, कारण खाली फरशी नव्हती, कागदामागे तळहात होता. हा झोपलेला पाय आहे. झोपलेल्या पायावर बूट घेतलात तर अर्धा नंबर तरी लहान होणार आणि उठल्यावर पोरगी रडणार. — हसले मी? नाही हो, सवय आहे तोंडाची. झोपल्यावर काढलात ना? जागी असली की गुदगुल्या होतात, हलते. बरोबर आहे तुमचं. सगळ्यांचीच हलतात.

थांबा हां, आतून डबे घेऊन येते. दहा आणि साडेदहा, दोन्ही आणते. बसा निवांत. पाणी आहे त्या जारमध्ये.

—वेळ लागला ना? सगळ्या डब्यांचा ढीग आला खाली, उचलता उचलता कंबर गेली. घ्या, हे तपकिरी. नाही, थांबा, लगेच पिशवीत नका टाकू. पट्टी घट्ट आहे का बघू दे. मी प्रत्येक पहिल्या जोडीची पट्टी पन्नास वेळा उघडझाप करून देते, मऊ पडली की पोरांना स्वतःची स्वतःला लावता येते. एक... दोन... तुम्ही बसा. तीन. — तुम्हाला बघून मला माझा मुलगा आठवला, म्हणून बडबडतेय. तोही असाच, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा, आत्ता उठतो की मग उठतो. तू म्हटलं तर चालेल ना रे? त्याच्याएवढाच असशील. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. का गेली म्हणजे? हात उचलायचा तो. हे बघ, आई असून सांगतेय. तेव्हा नव्हते सांगत, तेव्हा म्हणायचे, सुनेचं डोकं गरम आहे. कोर्टानं मुलगी आईकडं दिली आणि ह्याला महिन्यातून एक तास, तोही समोर कुणीतरी पहारा द्यायला. ह्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. लोक म्हणतात नव्हतं, पण मी बघितलंय, पोरीचा फ्रॉक उशाशी घेऊन बसायचा.

तर एका दुपारी आला. इथंच, तू बसलायस तिथंच. असाच कागद. म्हणाला, आई, शाळेचे पहिले बूट माझ्याकडून, तिला चकित करायचंय. नऊ नंबर. मी कागद हातात घेतला आणि मला कळलं. अरे, कळणार नाही? हाच तर माझा धंदा. झोपलेला पाय होता तो. म्हणजे ज्या घरात ह्याला पाऊल टाकायची बंदी, त्या घरात हा दुपारी शिरला होता, पोरगी झोपली होती तिथं उशाशी बसून पाय काढून आला होता. आणि मी काय केलं? मी पट्टी मऊ करून दिली. पन्नास वेळा. मोजे टाकले वर दोन जोड, माझ्याकडून. माझा मुलगा होता ना. मला वाटलं बापच आहे, काय करणार आहे, दोन दिवस फिरवून आणेल. — शाळेचा पहिला दिवस. फाटकाशी उभा राहिला, नवे बूट हातात. पोरगी धावत गेली त्याच्याकडे. बाई सांगत होत्या, हसत गेली म्हणे.

पोलीस आले तेव्हा मी मिठाची गुळणी धरली. तो इथं आलाच नाही म्हणाले. सून ह्या चटईवर बसून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तोंडानं, नाही गं, मला काही नाही माहीत. — सव्वीस, सत्तावीस. थांब रे, झालंच. — हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये. तुलाच का सांगतेय कोण जाणे. वर्षभरानं दुकानात फोन आला. आई, ते बूट लहान झाले, दहा नंबर पाठव. मी विचारलं, बरी आहे का रे? तर म्हणाला, तेवढं पाठव. मागून तिचा आवाज येत होता, आकडे म्हणत होती, सोळानंतर एकदम अठरा. मला एवढं हसू आलं आणि रडू आलं. त्यानं पत्ता दिला. पत्ता, समजतंय का तुला? माझ्या हातानं त्या पार्सलवर मी पत्ता लिहिला, एसटीच्या गाडीत टाकलं आणि घरी येऊन जेवले. सुनेला एक फोन करायचा होता फक्त. केला नाही.

त्यानंतर फोन नाही. मी आपली वाट बघतेय, आता अकरा नंबर मागेल, आता मागेल. शेवटी गेले त्या पत्त्यावर. खोलीत भलतीच माणसं. घरमालकीण म्हणाली, आली तेव्हा दोघं होती हो, गेला तेव्हा एकटाच गेला. आणि तिनं माझ्या हातात डबा ठेवला, राहिला होता म्हणाली कपाटात. दहा नंबर. उघडून बघितलं तर तळवा कोरा. एक पाऊलसुद्धा चाललेली नव्हती ती त्यातून. — हो, तीच. वरच्या फळीवरची. — तो सापडला पुढे. आत आहे. मुलगी कुठंय विचारलं की एकच बोलतो, झोपलीये. पोलिसांना तेच, वकिलाला तेच. मी भेटायला गेले तर मलाही, हळू बोल आई, झोपलीये. अकरा वर्षं झाली. सून दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहते, दुकानाकडे बघते आणि जाते. आत येत नाही. तिला वाटतं मी काहीतरी लपवलंय. बरोबर वाटतं तिला.

बस. बस म्हणते ना. बुटांची घाई करू नकोस, आता नीट ऐक. हा कागदावरचा पाय काल ह्या बाकावर होता. डाव्या अंगठ्यावर हा फुगवटा आहे ना, तू इमानदारीनं त्याच्याभोवती पेन्सिल फिरवलीस, ती जखमेवरची पट्टी आहे. परवा दारात अंगठा ठेचला तिचा, तिच्या आईनंच सांगितलं मला. आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. काल संध्याकाळी तिला मी ह्या चटईवरून चालवलं, काळे, पट्टीचे, साडेदहा. बूट घालूनच झोपणार म्हणत होती. म्हणजे शाळेचे बूट तिला आहेत. मग हे दुसरे कुठल्या शाळेचे रे? — आणि मघाशी आत वेळ लागला तो डबे पडले म्हणून नाही. काल तिच्या आईनं नंबर दिला होता, बुटात मारायचा तिच्या नावाचा शिक्का आला की कळवा म्हणून. तिला फोन केला मी. कामावर होती. म्हणाली, शेजारच्या मावशींकडे ठेवलीये, ह्या वेळी झोपलेली असते. म्हटलं, जा आणि आत्ताच्या आत्ता बघ.

अकरा वर्षं उशिरा केला तो फोन. तुझ्यासाठी नाही केला आणि तिच्यासाठीही नाही, खरं सांगायचं तर. — ओरडू नकोस माझ्यावर. ओरडणारी माणसं मी घरातच वाढवलीत.

वाजतोय बघ. तिचाच. — हं, बोल गं. हळू बोल, समजत नाहीये मला... नाही? नीट बघितलंस? गच्चीवर?... मावशींचा डोळा लागला होता. हं. हं... काय? चप्पल? चप्पल दारातच आहे? दोन्ही?... थांब. रडू नकोस, थांब जरा, मला एक मिनिट—

चप्पल दारातच आहे, म्हणते. अनवाणी गेली.

अरे देवा.

म्हणून बूट हवेत तुला. सोमवारसाठी नाही. आत्ता. कुठलाही रंग. — आणि मी मूर्ख बाई, मी तुला थोपवत बसले! मला वाटलं अजून व्हायचंय, मला वाटलं ह्या वेळी मी वेळेवर आहे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, माझं रडगाणं ऐकवलं तुला, पट्ट्या मोजल्या, पंखा फिरवून दिला, आणि तिकडे त्या उन्हात... बोटभर काच. टॉवेल. तळहातावर कागद धरून गाडीतच काढलास ना पाय? बाहेर एवढा वणवा पेटलाय आणि तू इथं बसून राहिलास? किती वेळ झाला, बोल! कधीपासून झोपलीये? काय दिलंस तिला? काही दिलंस का? नाही म्हण रे. नाही म्हण आधी.

काय शोधतोयस काउंटरवर? किल्ली? किल्ली माझ्या मुठीत आहे. मी तुला टाचेची रेघ दाखवत होते तेव्हाच उचलली, का उचलली ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. — हात पुढं करू नकोस. ढकललंस तर पडेन मी, म्हातारी आहे, पण मूठ नाही उघडायची. आणि शेजारचा शिंपी मघापासून दारात उभा राहून बघतोय, मी हाक मारायचाच अवकाश. — अगं ऐकतेयस ना, फोन ठेवू नकोस. माझ्या दुकानाशी ये. धावत ये. हो, इथंच आहे. समोर आहे. झोप— नाही. इथंच आहे म्हटलं ना, ये तू.

दारातून बाजूला हो. मला तिला उठवायचंय. मला तिला खाली उतरवून तिच्या पायावर उभी करायचीये, माझ्या डोळ्यांसमोर. उभी राहिली की मग तुझं जे काय असेल ते बोल, कोर्टात बोल, तिच्या आईशी बोल, माझ्याशी बोल, मी ऐकेन सगळं.

टॉवेल हलतोय का रे? माझा चष्मा... तू बघ ना. तुला दिसतंय इथून. हलतोय का?

सरक.

सरक म्हणते ना.